कामाला निधी, माणसाला शाल

१९९६ साली सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यातल्या म्हसवडच्या बायकांनी स्वतःची बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेकडे अर्ज गेला आणि नामंजूर झाला. कारण काय? प्रवर्तकांच्या सह्यांच्या जागी अंगठे होते.

बायका गप्प बसल्या नाहीत. आधी अक्षरं गिरवली, मग मुंबई गाठली आणि रिझर्व्ह बँकेच्या साहेबांसमोर उभ्या राहून म्हणाल्या: कुठल्याही मुद्दलाचं व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो. तुमच्या माणसांना कॅल्क्युलेटर न घेता सांगू दे. या बँकेच्या संस्थापक चेतना सिन्हा ही हकिकत जगभरच्या व्यासपीठांवर सांगत आल्या आहेत. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. २०१८ मध्ये दावोसच्या जागतिक आर्थिक परिषदेच्या सहअध्यक्षांत सिन्हांचं नाव होतं.

म्हसवडहून दावोस गाठता आलं. मुंबई गाठणं जास्त अवघड होतं.

आता या गोष्टीवर टाळ्या पडतात. सामाजिक उद्योजकतेवरच्या परिसंवादात ती सांगितली जाते, पाहुणे माना डोलावतात, सेल्फी निघतात. एक प्रश्न मात्र राहून जातो. बँक निघण्याआधी बायकांना लिहायला शिकवणाऱ्या, घरोघर फिरून बचतीचं महत्त्व पटवणाऱ्या माणसांचं पोट कशावर चाललं?

बँकेला व्याज मिळतं. अक्षर शिकवण्यावर व्याज कोण देतं?

म्हणून तर म्हसवडमध्ये बँक वेगळी आणि माणदेशी फाउंडेशन वेगळं. कर्जाचा व्यवहार बँक बघते. बायकांसाठी चाकांवर फिरणारी व्यवसायशाळा, माणदेशी तरंग हा रेडिओ, २०१२-१३ च्या दुष्काळातली जनावरांची छावणी ही फाउंडेशनची कामं. छावणीत महिनोन् महिने चारा-पाणी द्यायचं. उत्पन्न काय? दावणीची जनावरं मातीमोल भावाने विकली गेली नाहीत, घरं उठली नाहीत. हा नफा कुठल्या ताळेबंदात लिहायचा?

तरी निधी देणाऱ्यांचा लाडका प्रश्न ठरलेला: तुम्ही स्वावलंबी कधी होणार?

साताऱ्यात ॲड. वर्षा देशपांडे यांचं दलित महिला विकास मंडळ १९९० पासून काम करतं. 'लेक लाडकी' अभियानातून त्यांनी गर्भलिंगनिदान करणाऱ्या डॉक्टरांना सापळे लावून रंगेहाथ पकडून दिलं. २०२५ चा संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या पुरस्कार त्यांना मिळाला. आता सांगा, या कामाचा ग्राहक कोण? बिल कोणाच्या नावाने फाडायचं? वाचलेल्या मुलीच्या?

दारू सोडवणाऱ्या केंद्राचंही तेच. ज्याच्या घरातलं भांडंही विकून झालंय, त्याच्याकडून पूर्ण फी घ्यायची म्हणजे त्याला दारातूनच परत पाठवायचं. काही सामाजिक कामांतून उद्योग उभा राहतो. काहींतून तो कधीच उभा राहणार नाही, आणि राहू नये. दोन्हींना एकच फूटपट्टी लावणाऱ्याने एकदा माणच्या किंवा जतच्या गावात महिनाभर राहून दाखवावं.

सातारा-सांगलीच्या या पट्ट्यात पैसा कुठून आणायचा हा प्रश्न नवा नाही. शंभर वर्षांपूर्वी भाऊराव पाटलांसमोर तोच होता. किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव फिरलेला हा माणूस. ४ ऑक्टोबर १९१९ ला कराडजवळच्या काल्यात त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये ती साताऱ्यात आणली. वसतिगृहातल्या पोरांच्या जेवणासाठी गावागावांतून मूठ मूठ धान्य गोळा झालं. धान्य कमी पडलं तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंचे दागिने गेले. शेवटी मंगळसूत्रही गेलं.

ही कथा आपण दरवर्षी जयंतीला सांगतो. डोळे पुसतो. आणि चुकीचा अर्थ घेतो.

लक्ष्मीबाईंचं मंगळसूत्र हा निधी उभारण्याचा आदर्श नव्हे. ती आजूबाजूच्या सुखवस्तू समाजाची नामुष्की होती. कार्यकर्त्याच्या बायकोचा दागिना मोडल्याशिवाय पोरांच्या ताटात भाकरी पडत नसेल, तर हार त्या बाईच्या फोटोला घालून भागत नाही.

१९४८ मध्ये गांधीहत्येनंतरच्या एका भाषणावरून खेर सरकारने रयतचं अनुदान बंद केलं. संस्था बंद पडली नाही, कारण पाठीशी गावं होती. सरकार रुसलं तरी चालेल एवढा पैसा लोकांकडून यायला हवा, हे भाऊरावांना कळलं होतं. आज किती संस्थांना ही चैन परवडते?

आज मूठभर धान्य गोळा करायला निघालात तर आधी सीए गाठा. वस्तूच्या रूपात दिलेल्या देणगीला आयकरातली ८०जीची सवलत नाही. रोख दोन हजारांच्या वर दिली तर त्यालाही नाही. देणगीदाराचा पॅन किंवा आधार घ्यायचा, वर्षअखेरीस सगळ्यांची यादी १०बीडी नावाच्या फॉर्ममध्ये भरायची. उशीर झाला तर दिवसाला दोनशे रुपये. नाव-पत्ता न नोंदवता आलेली देणगी मर्यादेबाहेर गेली तर तिच्यावर तीस टक्के कर.

काळा पैसा रोखायला नियम हवेतच. पण ज्या देवस्थानच्या दानपेटीत नोटा मोजायला यंत्रं लागतात, त्याला निनावी देणगीच्या या करातून सूट. शाळेच्या दानपेटीला नाही. असं का?

आणि देणगीदाराला तरी काय मिळतं? नव्या करप्रणालीत ८०जीची वजावटच नाही. हीच प्रणाली २०२३-२४ पासून आपोआप लागू होणारी ठरली. म्हणजे पावतीसाठी संस्थेने हमाली करायची, आणि बहुतेक नोकरदारांना ती पावती फाइलला लावण्यापलीकडे उपयोगाची नाही.

संस्थेची नोंदणी १८६० च्या कायद्याखाली. विश्वस्त संस्था म्हणून पुन्हा १९५० च्या कायद्याखाली. एक विश्वस्त वारला, दुसरा घेतला, की धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट. तो मंजूर होईपर्यंत कधीकधी दुसराही म्हातारा होतो. आयकराची नोंदणी पूर्वी एकदा केली की झाली. २०२१ पासून दर पाच वर्षांनी नूतनीकरण आलं. छोट्या संस्थांना दहा वर्षांची मुदत द्यायला २०२५ चा वित्त कायदा उजाडावा लागला. कंपनीचा पैसा हवा तर सीएसआर-१ फॉर्म वेगळा. परदेशी पैसा हवा तर एफसीआरए वेगळा.

जत तालुक्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये चालणाऱ्या पाळणाघराने हे सगळं कधी करायचं? पोरं झोपल्यावर?

परदेशी देणग्यांच्या या एफसीआरए कायद्याचं तर सविस्तर सांगायला हवं. २०२० च्या दुरुस्तीने दोन गोष्टी केल्या. प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीसवर आणली. आणि परदेशी निधी घेणाऱ्या संस्थेने तो दुसऱ्या संस्थेला देण्यावर बंदी घातली. पुण्या-मुंबईची मोठी संस्था पैसा आणायची, हिशेब ठेवायची आणि आटपाडी-खटावमधल्या लहान संस्थेला कामापुरता द्यायची. ही साखळी एका फटक्यात तुटली. मोठी संस्था तरली. तिच्या जिवावर चालणाऱ्या गावातल्या संस्थेचं कुलूप कोणाच्या बातमीत आलं नाही.

आता सीएसआर, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीचा निधी. पाचशे कोटींची नक्त मत्ता, हजार कोटींची उलाढाल किंवा पाच कोटींचा नफा, यांपैकी एक असलं की मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के समाजासाठी खर्चायचे. २०१४ पासूनचा नियम. उत्तम नियम. भारताने तो कायद्यात घातला याचा अभिमानच वाटायला हवा.

पण पैसा जातो कुठे? जिथे कारखाना तिथे. कायदाच स्थानिक भागाला प्राधान्य द्यायला सांगतो. मग माणला काय? जतला काय? जिथे पाणी नाही तिथे कारखाना नाही, जिथे कारखाना नाही तिथे सीएसआर नाही. दुष्काळाची शिक्षा दोनदा.

आणि जातो तेव्हा कशावर जातो? बाक, संगणक, पाण्याची टाकी, स्वच्छतागृह. ज्याच्यावर कंपनीचं नाव रंगवता येतं ते सगळं. संगणक शिकवणाऱ्या मुलीचा पगार? त्याच्यावर नाव कुठे रंगवणार?

प्रपोजलमध्ये पगाराचा रकाना दिसला की समोरचा साहेब पेन्सिल उचलतो. ॲडमिन पाच टक्क्यांच्या आत बसवा, नियम आहे. नियम आहे, बरोबर. पण तो वाचला कोणी? पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीने आपल्या सीएसआर विभागाच्या कारभारावर करायच्या खर्चाला आहे. एखादा प्रकल्प आखणं, राबवणं, त्याच्यावर देखरेख ठेवणं यासाठी थेट होणारा खर्च त्या व्याख्येत येतच नाही. मर्यादा घातली साहेबाला, कात्री लागली शिक्षिकेला.

वर पैसे कधी येतात? फेब्रुवारीत. खर्च कधीपर्यंत? ३१ मार्चच्या आत. चाळीस दिवसांत गावाचं आरोग्य सुधारून विनियोग प्रमाणपत्र पाठवा. जानेवारी २०२१ च्या सुधारित नियमांनी सुरू असलेल्या प्रकल्पासाठी, प्रकल्प सुरू झाला ते वर्ष सोडून, आणखी तीन वर्षांची मुभा दिली आहे. उरलेली रक्कम वेगळ्या खात्यात ठेवायची सोय आहे. कायदा तीन वर्षं थांबायला तयार आहे. कंपनीचा वार्षिक अहवाल थांबत नाही.

लोकांच्या मदतीचंही असंच. ऑगस्ट २०१९ आठवा. कृष्णा सांगलीत शिरली, ब्रह्मनाळला बोट उलटली, महाराष्ट्र हळहळला. मग ट्रक आले. बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या, जुने कपडे. देणाऱ्यांच्या मनाबद्दल शंका नाही. पण पाणी ओसरलं, ट्रक परतले, आणि पंचनाम्यात नाव सुटलेल्या भूमिहीन बाईला घेऊन तलाठ्याच्या दारात बसायला कोण राहिलं? गावातलाच एखादा कार्यकर्ता. त्याच्या पेट्रोलसाठी एकाही ट्रकात पैसे नव्हते.

त्याआधीच सरकारला वाटलं होतं, संस्थांना बाजारातूनच पैसा उभारू द्यावा. २०१९ च्या अर्थसंकल्पात सोशल स्टॉक एक्स्चेंजची घोषणा झाली, २०२२ मध्ये सेबीचे नियम आले, डिसेंबर २०२३ मध्ये पहिल्या संस्थेने पैसा उभारला. यातला रोखा असा की त्याच्यावर व्याज नाही आणि मुद्दलही परत मिळत नाही. म्हणजे देणगीच, पण सगळी माहिती उघड करून, बाजाराच्या शिस्तीत मागितलेली. कल्पना वाईट नाही. लोकांनी हजार रुपयांपासून भाग घ्यावा म्हणून मर्यादाही खाली आणली आहे.

एक अट मात्र अशी, की मागच्या वर्षी संस्थेचा खर्च किमान पन्नास लाख हवा.

पन्नास लाख! माणमधली किती मंडळं वर्षाला पन्नास लाख खर्चतात? ज्याच्याकडे पन्नास लाख आहेत त्याला आणखी मागायची सोय. ज्याच्याकडे पाच आहेत त्याने काय करायचं? शाल घ्यायची आणि घरी जायचं.

शालीवरून आठवलं. मॅरेथॉन, पुरस्कार यांसारख्या एका दिवसाच्या कार्यक्रमांवरचा खर्च सीएसआरमध्ये धरू नका, असं केंद्राच्या कंपनी खात्याने २०१४ मध्येच परिपत्रक काढून बजावलं होतं. तरीही आपल्याकडे पुरस्कारांचा सुकाळ. मंडप, निवेदक, ट्रॉफी, फ्लेक्स, मान्यवरांचा पाहुणचार. या खर्चात त्या कार्यकर्त्याचं वर्ष निघालं असतं. त्याच्या हातात मात्र नारळ.

साताऱ्याला हे फार आधी कळलं होतं. सगळ्यांना नव्हे, एका डॉक्टरला. नरेंद्र दाभोलकरांचं नाव निघालं की अंधश्रद्धा निर्मूलन आठवतं, २० ऑगस्ट २०१३ ची त्यांच्या हत्येची सकाळ आठवते. त्यांचं दुसरं एक काम मात्र फारसं आठवलं जात नाही. सामाजिक कृतज्ञता निधी.

ऐंशीच्या दशकात बाबा आढाव, डॉ. श्रीराम लागू, दाभोलकर ही मंडळी एकत्र आली. मुद्दा साधा होता. पूर्णवेळ समाजकार्य करणाऱ्या माणसालाही घर असतं, पोरं असतात, आजारपण असतं. त्याची जबाबदारी समाजाने घ्यावी. पैसा कुठून? लागू, निळू फुले, तनुजा अशा नामवंतांनी अत्र्यांच्या 'लग्नाची बेडी'चे प्रयोग केले. महाराष्ट्रभर. गल्ला निधीत. निधी बँकेत. आणि व्याजातून कार्यकर्त्यांना दरमहा मानधन.

यात काय नव्हतं ते बघा. प्रपोजल नव्हतं. तिमाही अहवाल नव्हता. अमुक गावात तमुक लाभार्थी अशी अट नव्हती. आधी माणूस पारखून घेतला, मग त्याच्या कामावर विश्वास ठेवला.

रक्कम लहान होती. पण ती दर महिन्याला येत होती, आणि कोणासमोर हात न पसरता येत होती. संसार असलेल्या माणसाला विचारा, दोन्हींतलं मोठं काय.

पैसे देणाऱ्यालाही त्यात मान होता. तिकीट काढून नाटक बघणारा प्रेक्षक उपकार करत नव्हता, ऋण फेडत होता. आपल्यासाठी कोणीतरी हमालांची, धरणग्रस्तांची, देवदासींची लढाई लढतंय, त्याचा भार उचलणं हे आपलं काम आहे, ही जाणीव नट-नट्यांनी नाट्यगृहात उभी केली. आजच्या कुठल्या तारांकित परिसंवादाने असा एक तरी निधी उभा केला आहे?

सांगली जिल्ह्याचंही उदाहरण देतो, नाहीतर कृष्णेच्या खालच्या अंगाचे लोक रागावतील. खानापूर तालुक्यात येरळा नदी. ठेकेदार वाळू उपसून नेत होते, विहिरी कोरड्या पडत होत्या. १९८२ च्या संपानंतर मुंबईहून परतलेले गिरणी कामगार, गावचे शेतकरी आणि भारत पाटणकरांची मुक्ती संघर्ष चळवळ यांनी प्रश्न विचारला: वाळू नदीची, मग पैसा ठेकेदाराचा का? मर्यादित वाळू गावानेच विकायची आणि त्या पैशातून धरण बांधायचं, असं ठरलं. उरलेल्या रकमेसाठी सहानुभूतीदारांनी बिनव्याजी कर्ज दिलं. जाणकार इंजिनिअर मदतीला आले. बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी बळीराजा स्मृती धरण उभं केलं, आणि पाण्यात भूमिहीनांनाही वाटा ठेवला.

वाळू, बिनव्याजी कर्ज, इंजिनिअरचा वेळ. हवी असलेली सगळी मदत एवढीच. मध्ये एकही सल्लागार कंपनी नाही. परवानगीसाठी सरकारशी भांडावं लागलं ते वेगळंच.

आणि संग्राम. सांगलीत १९९२ पासून वेश्याव्यवसायातल्या बायकांमध्ये एचआयव्हीविरोधी काम करणारी मीना शेषू यांची संस्था. १९९६ मध्ये याच बायकांची वेश्या अन्याय मुक्ती परिषद, म्हणजे व्हॅम्प, उभी राहिली. अमेरिकेचा पैसा मिळत होता. २००३ च्या अमेरिकी कायद्याने अट घातली: वेश्याव्यवसायाला आमचा विरोध आहे, असं लिहून द्या. ज्या बायकांसोबत काम करायचं, त्यांच्याविरुद्धच प्रतिज्ञा! २००५ मध्ये संग्रामने ती नाकारली आणि पैसाही सोडला.

संस्थेच्या भूमिकेबद्दल कोणाचं काहीही मत असो. दात्याच्या अटीसाठी आपल्या माणसांना विकणार नाही, असं सांगायला छाती लागते. २०१३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही सक्ती घटनाबाह्य ठरवली, पण फक्त अमेरिकी संस्थांपुरती. परदेशी संस्थांना ती लागू राहील, हे त्याच न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. मतस्वातंत्र्य वॉशिंग्टनला, अट सांगलीला.

अटीचा पैसा आणि बिनअटीचा पैसा यांत फरक काय, हे ज्याला कळत नाही त्याने सांगलीच्या गोकुळनगर वस्तीतल्या या बायकांना विचारावं. अटीचा पैसा नाकारण्याची ताकद कुठून येते? पंधरा-वीस टक्के तरी बिनअटीचा पैसा हाताशी असला तर. तेवढा कोण देणार?

दिल्ली-मुंबईकडे बघत बसायचं कारण नाही. हा सहकाराचा मुलूख आहे. कराड, वाळवा, पलूस, कडेगाव, फलटण, कुठेही जा; साखर कारखाना, दूध संघ, नागरी बँक, पतसंस्था. सहकार कायद्यात नफ्यातून धर्मादाय कामासाठी रक्कम काढण्याची मुभा आहे. ती निघतेही. जाते कुठे? वाढदिवसाची जाहिरात, कुस्तीचं मैदान, दहीहंडी, कमान.

कुस्ती व्हावी, माझा विरोध नाही. पण एका मैदानाच्या इनामात एका आरोग्य कार्यकर्तीचा किती महिन्यांचा पगार बसतो, हा हिशेब संचालक मंडळाने कधी मांडला आहे का?

त्या पगाराअभावी काय होतं ते गावोगाव दिसतंय. पहिल्या पिढीचे कार्यकर्ते सत्तरीत आले. समाजकार्याची पदवी घेतलेली मुलगी संस्थेत दोन वर्षं राबते, प्रकल्प संपतो, पगार थांबतो, आणि ती मायक्रोफायनान्स कंपनीच्या वसुलीला लागते. ज्या वस्तीत तिने बचत गट बांधला, त्याच वस्तीत हप्ता मागायला जाते. दोष तिचा नाही. तिलाही घरभाडं आहे.

सहकारी संस्थांच्या वार्षिक सभांचा हंगाम येईल. अहवाल वाचला असं समजून मंजूर होईल, लाभांश जाहीर होईल, जेवणाच्या पंगती बसतील. सभासदांनी त्याआधी उठून माइक मागावा आणि अध्यक्षांना विचारावं: गेल्या वर्षी धर्मादायातून किती रुपये निघाले, आणि त्यातल्या कितींनी तालुक्यातल्या कोणत्या कार्यकर्त्याचा पगार झाला? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावं. आकडा शून्य असेल तर शून्य लिहावं, आणि पुढच्या वर्षी मागच्या सभेचं इतिवृत्त वाचताना तो मोठ्याने वाचायला लावावा.